कालव्याच्या पायरीवरची वीज

परवा संध्याकाळी पारावर विषय निघाला तो धानाच्या पाण्यावरून. शेतीपंपाची वीज या आठवड्यात रात्रीची आहे, विंचूकाट्यातून बांधावर जावे लागते. मग उशाशी वैनगंगा वाहत असताना तिच्यातच चक्र बसवून वीज का काढू नये, असा पुतण्याचा सवाल होता.

निवृत्त वायरमनकाकांनी नदीत पळसाचे पान सोडून वेग मोजलेला होता. पानाला वीस मीटर जायला वीस सेकंद लागले. या वेगाने एक चौरस मीटरच्या तोंडातून जाणाऱ्या पाण्यात जेमतेम अर्धा किलोवॉट ताकद असते, आणि तिच्यातली निम्मीही यंत्राच्या हाती लागणे कठीण, म्हणजे दोन-तीन पंख्यांपुरती वीज. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते हे खरे. पण तसा वेग पुरात येतो, आणि पुरासोबत ओंडकेही येतात.

गुरुजींचे म्हणणे असे की वेगापेक्षा पाणी किती उंचीवरून पडते ते पाहावे. कोयनेचे पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरते, म्हणून तिथे 1960 मेगावॉटची क्षमता उभी राहिली. आपल्याकडे पेंच नदीवर तोतलाडोहला 160 मेगावॉटचे केंद्र आहे. तिथे वीज देऊन सुटलेले पाणी पुढे नवेगाव खैरीच्या धरणातून शेतीला आणि नागपूरच्या नळांना मिळते. वीज काढल्याने पाणी आटत नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

तेव्हा मी आपल्या कालव्याची गोष्ट काढली. शिवेजवळ कालवा पायरीवरून दोन मीटर खाली आदळतो. तिथला फेस आणि काठावर उभे राहिले की पायाला जाणवणारी थरथर आम्ही लहानपणापासून पाहतो आहोत. सेकंदाला पाचशे लिटर पाणी तिथून पडत असेल, तर गळती धरूनही सातेक किलोवॉट, म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर आरामात चालेल एवढी वीज रोज त्या फेसात जाते.

काकांनी नेमके वर्मावर बोट ठेवले. कालव्याला पाणी असते तेव्हा मोटरची गरज कमी, आणि गरज असते तेव्हा कालवा कोरडा. मला हे मान्य आहे. तरी पिण्याच्या पाण्याचा पंप आणि रस्त्यावरचे दिवे तेवढे दिवस त्या विजेवर चालावेत, हे मी सोडायला तयार नाही. किती दिवस, ते पाणी वापर संस्थेच्या वहीत पाळ्यांच्या तारखांवरून मोजता येईल. वही मागून आणायचे काम पुतण्याने अंगावर घेतले आहे.