खिशातली राणी

सातशे रुपयांची माशी मेली याचं दुःख मला आहेच. पण ती मरणार हे मेढा-सातारा वडाप जीपमधल्या एका माणसाला आधीच कळलं होतं, याचं जास्त आहे. आणि त्या माणसाने जन्मात मधपेटी उघडलेली नाही.

परसात माझी सातेरी मधमाश्यांची एकच पेटी. शिमग्याच्या तोंडावर उघडली तर राणी दिसेना. यात विशेष काही नाही, मला ती एरवीही दिसत नाही. पण अंडीही नव्हती. पोळ्याच्या चौकटी उन्हाकडे धरून, चष्मा लावून आणि काढून पाहिल्या. पेटीला राणी नाही, असा निकाल देऊन मी मेढ्याकडच्या एका मधपाळाला फोन लावला. तो "या" म्हणाला. एवढंच म्हणाला. हे लक्षात ठेवा, त्यावरून पुढे मला भांडायचं आहे.

राणी मिळाली ती बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात. सोबत पाच-सहा दासी, कारण राणीसाहेबांना भरवावं लागतं. पिंजऱ्याच्या तोंडाला पिठीसाखर मधात मळून केलेलं बूच. पिंजरा दोन चौकटींच्या मध्ये टांगायचा. पेटीतल्या माश्या दोन-तीन दिवसांत ते बूच खाऊन संपवतात, तोवर नव्या बाईचा वास त्यांच्या अंगवळणी पडतो आणि ती बाहेर आली की तिला कोणी परकी म्हणत नाही. म्हणजे सगळी भिस्त साखरेवर. आपल्यात साखरपुडा का करतात ते तेव्हा कळलं. वाटेत गारठू नये म्हणून पिंजरा मी शर्टाच्या खिशात ठेवला, आणि तिथेच फसलो.

वडापच्या मधल्या सीटवर आम्ही चौघं. माझ्या शेजारी पांढरी टोपी, पायाशी घेवड्याचं पोतं.

"पाव्हणं, छातीत कायतरी वाजतंय तुमच्या."

मी म्हटलं, माशी आहे. त्याने सरळ माझ्या खिशाला कान लावला. डॉक्टरसुद्धा इतका वेळ लावत नाहीत. मागच्या बाईने पोर उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "चावायचं आसंल तर आत्ताच उतरा." राणी माणसाला सहसा डंख मारत नाही, असं मी सगळ्यांना समजावलं.

"आन् बाकीच्या?" टोपीने विचारलं.

यावर मी खिडकीची काच खाली-वर केली.

"केवढ्याला घेतली?"

खोटं बोलायची वेळ हीच होती. मी खरं सांगितलं.

"सातशेला एक नग?"

"एक नग."

"आन् ह्या संगतीच्या?"

"त्या तशाच."

"मंजी वऱ्हाड फुकाट," तो मागे वळून म्हणाला, आणि जीप हसली. पोरही हसलं. त्याला काय कळलं असेल देव जाणे.

मग उलटतपासणी सुरू झाली.

"आदीची कुटं गेली?"

"माहीत नाही."

"मयत बगितलं?"

"नाही."

"मंग गेली कशावरनं?"

"अंडी नाहीत."

"लगीन व्हायच्या आदी पोरं व्हत्यात व्हय?" मागच्या बाईने पदर तोंडाला लावला. "घरातली माणसं कमी झाल्यात का?"

झाली होती. निम्म्याच माश्या उरल्यासारख्या वाटत होत्या. तसं मी सांगितलं.

"मंग वाटणी झाली! थोरली आपली माणसं घिऊन भाईर पडली, घर ठिवलं धाकटीला. धाकटी आसंल बगा आतच कुटंतरी. आन् तुमी तिच्या उरावर सवत नेताय."

माझ्याकडे मधमाशीपालन प्रशिक्षणाचा दाखला आहे. लॅमिनेट केलेला. तो असलेला माणूस अशा वेळी जसा हसतो तसा मी हसलो. साताऱ्यात उतरताना ड्रायव्हरने दहा रुपये जादा घेतले. का, तर "जित्राब हाय."

पिंजरा टांगला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माश्या पिंजऱ्याला अशा बिलगलेल्या की बोटाने सारल्या तरी सरकेनात. मी बायकोला हाक मारून दाखवलं, बघ किती माया! माया असते तेव्हा माश्या जाळीवरून सैल फिरतात, राणीला भरवतात. बिलगून जाळी चावतात ती मारायची तयारी असते. हे मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी राणी पेटीसमोर मातीत पडलेली, मुंग्या कामाला लागलेल्या. आणि आत चौकटभर अंडी, घरटी एक, तळाशी उभी. आदल्या दिवशी सुटलेल्या बाईचं हे काम नव्हे. मग तीही दिसली: काळपट, चपळ, घरचीच.

टोपीवाल्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं. मोहोळ उठतं तेव्हा जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते आणि मागे राणीघरात लेक ठेवून जाते. लेक अंड्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर येते, मग आठवडाभराने उडून नरांना भेटून येते, मग कुठे अंडी. तोवर ती अंगाने इतकी बारीक की माझ्यासारख्या दाखलेवाल्याला कामकरीच वाटावी. एका गादीला दोन दावेदार म्हणजे काय, हे खरं तर सातारकराला शिकवायला नको. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांकडून सुटून आले तेव्हा लागलेला वाद १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत चालला. शेवटी साताऱ्याची गादी निराळी, कोल्हापूरची निराळी. माश्यांत वारणेचा तह नसतो.

मधपाळाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "आत राणी असणार. आधी दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट ठेवून बघायची की. राणीघरं बांधली तर राणी नाही, नाही बांधली तर आहे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही राणी मागितली."

आता याला काय म्हणावं? शिवाय माझ्याकडे दुसरी पेटी नाही हे त्याला माहीत होतं. चौकट त्याच्याचकडून आणता आली असती, पण चौकटीचे सातशे कोण देतो! गेल्या उन्हाळ्यात एका दुकानाने असंच मला पाण्याची नवी मोटार दिली. बिघडला होता स्टार्टर. "तुम्ही मोटार मागितली." औषधाच्या दुकानात मी हल्ली खोकला आलाय एवढंच सांगतो आणि गप्प उभा राहतो. तिथे तीन बाटल्या मिळतात.

परवा पुन्हा मेढ्याहून येत होतो. मधली सीट, पांढरी टोपी. या वेळी पोतं नव्हतं, त्यामुळे त्याचं पूर्ण लक्ष माझ्याकडे.

"काय पाव्हणं, राणी कशी हाय?"

"मजेत आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

त्याने माझ्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कंची?"

मी ड्रायव्हरला म्हटलं, इथेच थांबवा. सातारा अजून अर्ध्या वाटेवर होता.