ब्रॉकची ती कमोडोर: ०५ की २५?

ऑस्ट्रेलियन रेसर पीटर ब्रॉकच्या होल्डन कमोडोर गाडीबद्दल एक मेसेज फिरतोय, की १९८२ आणि १९८३ दोन्ही वर्षी बाथर्स्ट १००० (ऑस्ट्रेलियातली १००० किलोमीटरची कार रेस) जिंकलेली ती ०५ नंबरची गाडी. अर्धं खरंय. १९८२ ला ब्रॉक आणि त्याचा जोडीदार ड्रायव्हर लॅरी पर्किन्स ०५ वरच जिंकले. पण १९८३ ला ०५ नंबर दुसऱ्या, नव्या गाडीवर होता आणि तिचं इंजिन सुरुवातीच्या लॅप्समध्येच गेलं, मग दोघं टीमच्या २५ नंबरच्या गाडीत गेले, जी रेसच्या सुरुवातीला जॉन हार्वी चालवत होता (हार्वीचा जोडीदार होता फिल ब्रॉक, म्हणजे पीटरचा भाऊ, त्या बिचाऱ्याला चालवायलाच मिळाली नाही!), आणि तीच जिंकली. आता गंमत बघा, ही २५ म्हणजेच १९८२ ची विजेती गाडी, फक्त नंबर बदललेला. त्यामुळे "एकच गाडी दोनदा जिंकली" हे बरोबर, "०५ दोनदा जिंकली" हे चूक. २०१८ ला ऑस्ट्रेलियात २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला लिलावात गेली तीही हीच. जुन्या रेसकारचा माग काढताना दारावरचा नंबर धरून बसू नका राव, टीम तो दरवर्षी हवा तसा फिरवते, चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) कुठली ते बघा.