तेव्हा मी झोपलो होतो

लातूरचा आहे म्हणून सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक वाक्य बोलतो. वयानं लहान असेल तर ‘अरे वा, लातूर पॅटर्न!’ आणि चाळिशीच्या पुढचा असेल तर ‘मग भूकंपाच्या वेळी कुठं होतात?’ हे विचारतो खरा, पण माझ्या उत्तराला थांबत नाही. लगेच तो स्वतः कुठं होता ते सुरू होतं.

पुण्यात राहून मला आता पंचवीस वर्षं होतील. एवढ्या काळात मी किल्लारीच्या भूकंपाच्या शंभरएक तरी गोष्टी ऐकल्या असतील. कोथरूडच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजली होती. ठाण्याच्या साहेबांचा पंखा बंद असून हलत होता. सोलापूरच्या एका रिक्षावाल्याला वाटलं, पलंगाखाली कुत्रं शिरलं. धक्का खरोखरच मुंबई, पुणे, हैदराबादपर्यंत जाणवला होता, म्हणून कुणालाच खोटं म्हणवत नाही. पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी. सगळे जागे होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी अख्खा महाराष्ट्र टक्क जागा! कुणी पाणी प्यायला उठलेला, कुणाचं बाळ रडत होतं, कुणाला ‘आधीपासूनच कसंतरी होत होतं’.

विसर्जनाहून नुकता आलो होतो, हे कारण मात्र मी मान्य करतो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या, आणि ३० तारखेच्या पहाटे धरणी हलली. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री. परभणीचं विसर्जन नीट पार पडल्याचा निरोप येईपर्यंत ते वर्षा बंगल्यावर जागे होते, खिडक्या वाजल्या, तेव्हा त्यांनी कोयनेला, जिथं भूकंपांची नोंद होते तिथं, फोन लावून भूकंपाचं केंद्र कुठं आहे ते विचारलं, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. त्या पहाटे जागं असण्याचं इतकं चोख कारण दुसऱ्या कुणाकडं असेल असं वाटत नाही.

माझ्याकडं होतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

माझी गोष्ट अशी. मी दहा वर्षांचा, पाचवीत. आम्ही लातूर शहरात जुन्या भागात भाड्यानं राहायचो. लातूर ते किल्लारी साधारण चाळीसेक किलोमीटर. मला जाग आली ती जमिनीतून येणाऱ्या आवाजानं, मालट्रक घरात घुसतोय असा. कोपऱ्यातली उतरंड हलताना मी बघितली. मी ओरडलो, ‘आज्जी, उठ!’ आज्जीचा हात धरून तिला अंगणात आणलं, मागून बाकीचे आले. सकाळी टीव्हीवर पडलेली घरं बघितली. ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली, नोकरीत सांगितली, बायकोला सांगितली, पोरांना तर दरवर्षी ३० सप्टेंबरला सांगतो. ‘तुम्ही आज्जीला वाचवलं?’ असं धाकटीनं विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो नाही. नुसता हसलो.

गेल्या दिवाळीत ताईसमोर पोरीनं तीच गोष्ट काढली. ताई करंजीला मुरड घालत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, ‘तू कुठं उठलास रे? ढाराढूर झोपला होतास. अप्पांनी तुला वाकळेसकट उचलून आणलं अंगणात. आज्जी सगळ्यांच्या आधी बाहेर, तिनंच हाका मारून आम्हाला उठवलं. तू खाली ठेवल्यावर जागा झालास आन् रडायलास, का तर चप्पल नाही म्हणून.’

मी म्हटलं, आणि टीव्ही?

‘टीव्ही आपल्याकडं पंच्याण्णवला आला की. आणि त्या दिवशी गल्लीत लाईट तरी कुठं होती?’

उतरंडीचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. राग ताईचा नव्हता. मी खोटं बोललो नव्हतो हो, हेच तर विशेष. उतरंड मला आजही दिसते, वरचं मडकं डावीकडं कलताना दिसतं. पण बहुधा ती ताईनं किंवा अप्पांनी बघितली, मला सांगितली, आणि ती कधी माझी झाली ते कळलंच नाही.

मग थोडं वाचलं. अशा आठवणींना मानसशास्त्रात ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ म्हणतात. फ्लॅश पडला की फोटोत सगळं टिपलं जातं, तसं मोठ्या धक्क्याच्या क्षणी सगळं मनात कोरलं जातं, अशी १९७७ साली मांडली गेलेली कल्पना. पुढं अमेरिकेत एमरी विद्यापीठात उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी ती तपासली. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होतात, कुणी सांगितलं, काय करत होतात, हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच परत विचारलं. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर आधीच्याशी जुळलं नाही, आणि तरी पुष्कळांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी काहींना तो पटेना. बरं, ज्यांनी प्रत्यक्षात दुसऱ्या कुणाकडून ऐकलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना नंतर आपण ते टीव्हीवर बघितल्याचं आठवत होतं. हे वाचून मला जरा बरं वाटलं. आपला पंच्याण्णवचा टीव्ही एकटा नाही.

मग मी अप्पांच्या गोष्टीकडंही संशयानं बघायला लागलो. इंदिरा गांधी गेल्या तेव्हा अप्पा औशाच्या स्टँडवर चहा पीत होते आणि सकाळी दहाच्या सुमारास आकाशवाणीवर त्या गेल्याचं ऐकलं, असं ते छातीठोक सांगतात. ३१ ऑक्टोबर १९८४ ला हल्ला सकाळी सव्वानऊच्या आसपास झाला हे खरं, पण मृत्यूची अधिकृत बातमी आकाशवाणीनं दिली संध्याकाळी. दिवसभर लोक बीबीसी लावून बसले होते. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘तू तेव्हा वर्षाचा होतास, मला शिकवू नकोस.’ सोडून दिलं. ८१ वर्षांच्या माणसाच्या हातातला चहा का काढून घ्यायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या गोष्टी एकाच दिशेला सरकतात. आपण दरवर्षी थोडे घटनेच्या जवळ जातो. जो झोपला होता तो जागा होतो, ज्यानं दुसऱ्याकडून ऐकलं तो स्वतः बघतो. उलट्या बाजूला सरकलेली आठवण मला अजून भेटलेली नाही. इतक्या मोठ्या दुःखात आपलं काहीच नव्हतं, हे सोसत नाही बहुधा. त्यात लबाडीपेक्षा माया जास्त आहे असं मी धरून चालतो. पण हेही खरं की गोष्ट आपली होत जाते तसतसं किल्लारी मागं पडतं आणि कोथरूडची मांडणी पुढं येते.

माझ्याकडं त्या दिवसांतली एक आठवण मात्र अस्सल आहे, याची मला खात्री आहे, कारण ती मी कुणालाच सांगितली नव्हती. शाळा बंद पडली आणि सहामाही परीक्षा पुढं गेली. मला आनंद झाला होता. गणिताचं काहीच केलं नव्हतं. गल्लीतल्या बायका चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होत्या, आम्ही पोरं त्या धोतराच्या फडक्यात बांधून कोपऱ्यावरच्या टेम्पोत नेऊन टाकत होतो, वरून पाऊस, आणि मी मनात परीक्षेचे दिवस मोजत होतो. एका गठ्ठ्याच्या तळाला भाकऱ्या गरम होत्या आणि पोटाला चटका बसत होता. हे कुणी मला सांगितलेलं नाही. असलं कोण सांगेल?

पुढं एका नोकरीत सास्तूरचा एक जण माझ्या शेजारच्या टेबलावर होता. सास्तूर म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, पार भुईसपाट झालेलं गाव. ५२ गावं उद्ध्वस्त झाली, माणसं गेली ८ ते १० हजार, कुठला आकडा धरता त्यावर. हा माणूस चार वर्षं शेजारी बसला आणि त्यानं स्वतःहून कधी विषय काढला नाही. ऑफिसात कुणी भांडी वाजल्याची गोष्ट सुरू केली की तो पाण्याची बाटली भरायला उठायचा. मला हे लक्षात यायला दोन वर्षं लागली.

एकदाच बोलला, तेही घराबद्दल. त्यांचं माळवदाचं घर होतं. दगड-मातीच्या भिंती, इतक्या रुंद की दाराच्या उंबऱ्यावर तो लहानपणी दुपारचा आडवा झोपायचा. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. गळायला लागलं की माळवदावर आणखी माती टाकायची, आजोबांनी टाकली, वडलांनी टाकली, थरावर थर. मातीत बसवलेले दगड आणि डोक्यावर ते सगळं ओझं. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, त्या भागात धक्के बसले तेव्हा लोक बरेच दिवस बाहेर झोपले होते म्हणे. पण माणूस किती दिवस बाहेर झोपणार? परत आत आले. ‘दगडाचं घर हाय, कुठं जातंय,’ असं वडील म्हणायचे, एवढं सांगून तो थांबला. सरकारी नकाशावर तेव्हा हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, वडील तर शेतकरीच.

दिवाळीनंतर लातूरला गेलो तेव्हा तो स्टँडवर भेटला. बऱ्याच वर्षांनी. चहा घेतला. पोरांचं, बदल्यांचं, सोयाबीनच्या भावाचं झालं. मग का कुणास ठाऊक, त्यानंच विचारलं, ‘तुम्ही तेव्हा लातुरातच होतात ना? काय केलं त्या रात्री?’

उतरंड डोळ्यांसमोर आली. डावीकडं कलली.

‘झोपलो होतो,’ मी म्हटलं.

‘आम्हीबी झोपलोच होतो की,’ तो म्हणाला, आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.