दाजींच्या फॉरवर्डमधला चंद्र

घरच्या ग्रुपवर दाजींनी टाकलेला फॉरवर्ड आठवडाभरात मला तिसऱ्यांदा आलाय. त्यात काय, तर रोज पृथ्वीची सावली चंद्रावर थोडी थोडी सरकते अन अमावस्येला त्याला पूर्ण झाकते, पौर्णिमेला चंद्र समुद्र ओढतो तसं विहिरीचं अन आपल्या अंगातलं 70 टक्के पाणी पण ओढतो, आणि अमावस्या अशुभ म्हणून त्या दिवशी शेतात पाऊल टाकू नका, हे सगळं म्हणे विज्ञानाने सिद्ध. दाजी, तुम्ही मोठे आहात, पण हे बरोबर नाही ओ.

आधी सावलीचं बघू. सावली सूर्याच्या उलट्या बाजूला पडते, हे रानात राबणाऱ्याला काय सांगायचं. बीजेची कोर कुठं दिसते? मावळतीला, जिकडं दिवस बुडाला तिकडंच. त्या वेळी पृथ्वीची सावली असते उगवतीच्या अंगाला, मग ती या कोरीवर पडंल कशी? अष्टमीला तर दुपारी सूर्य अन अर्धा चंद्र दोन्ही वर असतात, बघा एकदा मान वर करून. चंद्राच्या अर्ध्या अंगावर कायम ऊन असतंच, तो आपल्याभोवती फिरतो तशी ती उन्हातली बाजू आपल्याला कधी थोडी कधी पूर्ण दिसते, अमावस्येला तो सूर्याच्या बाजूला जातो म्हणून ऊन त्याच्या पाठीवर अन अंधारी बाजू आपल्याकडं, बस. या फेऱ्याला साधारण 29.5 दिवस लागतात. पृथ्वीची सावली खरंच पडते ते चंद्रग्रहण, आणि ते लागतं पौर्णिमेला! 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री लागलं होतं, भाद्रपद पौर्णिमा, साडेतीन तासांत सावली येऊन गेली पण, तिला पंधरा दिवस लागले नाहीत. दर पौर्णिमेला का लागत नाही, तर चंद्राची वाट 5 अंशांनी कललेली आहे, बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

आता पाणी. भरती येते कारण पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त अन पलीकडं कमी, हा फरक हजारो किलोमीटरवर पडतो. विहिरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, नाहीतर पाच फुटाच्या माणसात कसला फरक पडणार? पौर्णिमेला माठातलं पाणी काठावर येतं का कधी? आणि उधाणाची भरती अमावस्येलाही येते, ते फॉरवर्डवाला विसरला. चंद्र विहिरी भरत असता तर 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं नसतं.

राहिली अशुभ अमावस्या. कुणी पाळत असंल तर पाळू दे, ती श्रद्धा झाली, विज्ञानाचं नाव कशाला लावता त्याला. आणि दाजी, आपण लातूरचे! येळवस, आपला शेतातला सण, अमावस्येलाच असते ना? त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं, अन मागच्या येळवशीला आमच्या शेतात सगळ्यात जास्त भज्जी अन आंबील कुणी हाणली, ते ताईला विचारा.