‘पाणी घातलेलं दूध’ या एक तारा रिव्ह्यूला दुकानाच्या मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. एक तारा, तीन फोटो आणि खाली : “कोजागरीची वाट लावली. दोन लिटर दूध दीड तास आटवलं तरी पाण्यासारखं. साय नाही, रंग निळसर. सीलबंद पिशवीतसुद्धा हे लोक पाणी घालतात.”

आधी माफी मागतो. साडेसातला दूध पोचवतो म्हटलं होतं, पोचलं सव्वाआठला. पाहुणे गच्चीवर, बदाम-पिस्ते कापून तयार आणि गॅसवर पातेलं रिकामं, म्हणजे राग येणारच. नंतर तुम्ही फोन केलात तेव्हा माझा भाचा “दूध ते दूधच असतं काकू” असं म्हणाला, तेही चुकलं. त्याला मी बोललो आहे.

आता पाण्याचं.

उशिराबद्दल बोला, पोराच्या तोंडाबद्दल बोला, मान खाली घालून ऐकतो. पण दूधवाल्याला “पाणी घालतो” म्हणणं म्हणजे सोनाराला “पितळ विकतो” म्हणण्यासारखं आहे. डोंबिवलीत २२ वर्षं रतीब घालतोय. तुमच्या रिव्ह्यूखाली दोघांनी लगेच “आम्हालाही शंका होतीच” असं लिहिलंय. त्यातले एक गृहस्थ आमच्याकडून फक्त ब्रेड नेतात.

त्या संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी तुमचा फोन आला. शब्द होते, “नेहमीचं दूध, चार पिशव्या जास्त पाठवा.” भाच्याने वही उघडली. वहीत तुमच्या नावापुढे गेली तीन वर्षं ‘डबल टोन्ड, अर्धा लिटर’ आहे. घरातल्या कुणाच्या तरी रिपोर्टनंतर तुम्हीच म्हशीचं बंद करून हे कमी फॅटचं सुरू केलंत (हे इथे लिहायला नको होतं, पण विषय निघाला म्हणून). पोराने नेहमीचं मागितलं म्हणून नेहमीचं दिलं. तुमच्या मनात नेहमीचं म्हणजे दर कोजागरीला नेता ते म्हशीचं, हे त्याला कसं कळावं? तो जूनमध्ये आलाय.

आणि विचार करा, मला यात काय मिळालं? म्हशीचं सुटं दूध त्या वेळी कॅनमध्ये ३० लिटर शिल्लक होतं. लिटरमागे ४० रुपयांच्या आसपास जास्तीचं बिल झालं असतं. फसवायचंच असतं तर महाग दुधाचे पैसे घेऊन स्वस्त दूध दिलं असतं. तुमच्या दुसऱ्या फोटोतलं बिल मोठं करून बघा, ‘डबल टोन्ड’ लिहिलंय आणि पैसेही त्याचेच लावलेत.

पिशवीवर बारीक अक्षरात आकडे असतात, ते कुणी वाचत नाही. सरकारी नियमाप्रमाणे फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचा घनभाग. टोन्डमध्ये फॅट ३ आणि एसएनएफ साडेआठ. डबल टोन्डमध्ये फॅट फक्त दीड, एसएनएफ मात्र ९. स्किम्डमध्ये फॅट अर्ध्या टक्क्याच्या वर नाही. आता तुमच्या पातेल्याचा हिशोब करू. तुमच्या दुधात फॅट आणि एसएनएफ मिळून साडेदहा टक्के. म्हशीचं साडेसहा फॅट आणि ९ एसएनएफचं धरलं तर त्यात साडेपंधरा टक्के. म्हणजे तुमचे २ लिटर आटून साधारण १ लिटर ३५० मिली राहतात, तेव्हा कुठे ते म्हशीच्या न आटवलेल्या दुधाइतकं दाट होतं. खरं आटवणं तिथून पुढे. दीड तासात होईना यात दुधाचा दोष नाही, माझा तर नाहीच नाही. साय धरायला फॅट लागतं, ते दीड टक्क्यात कुठून येणार? निळसर झाकही फॅट कमी असल्याचीच. म्हशीचं पांढरंफेक, गाईचं पिवळसर, फॅट काढलेलं निळसर. हे आम्ही रोज बघतो.

तिसऱ्या फोटोत लॅक्टोमीटर आहे, म्हणजे दूध किती जड ते डिग्रीत मोजायची काचेची नळी. पाहुण्यांपैकी कुणीतरी आणलेला दिसतो. हा फोटो टाकल्याबद्दल खरं तर आभारच मानायला हवेत. मी चष्मा लावून पाहिलं, डिग्री ३२ च्या वर आहे. ताई, पाणी घातलं की डिग्री खाली येते, दहा टक्के पाण्याला साधारण तीन. आणि फॅट काढलं की डिग्री वर जाते, कारण फॅट हलकं, ते गेलं की उरलेलं दूध जड. डबल टोन्डला ३२-३३ यायलाच हवी. तुम्ही ज्याला पुरावा म्हणता तो माझ्या बाजूचा आहे.

कुणी जाणकार म्हणेल की फॅट काढायचं, मग बेताने पाणी घालायचं, म्हणजे डिग्री बरोबर येते. होय, ही लबाडी चालते. वाळवा तालुक्यात आमच्या गावच्या संकलन केंद्रावर मी दोन वर्षं दुधातलं फॅट मोजायचं काम केलंय. १० मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग नळी यंत्रात फिरवायची. बोटं भाजायची. नुसत्या डिग्रीवर भागत नाही म्हणूनच ते करायचं. आणि पिशवी ब्लेडने कापून पाणी भरून मेणबत्तीवर पुन्हा चिकटवणारे मुंबई-ठाण्यात पकडले जातात, तेही पेपरात वाचतो. अशा पिशवीची कड जाड आणि वाकडी होते. तुमच्या चारही रिकाम्या पिशव्या पहिल्या फोटोत ओट्यावर पडल्यात. कडा सरळ आहेत, कात्री तुमची आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे उद्या दुसरं कुणी शोधून काढायला नको. टोन्ड दुधाचा जन्मच म्हशीच्या दुधात दूध पावडर आणि पाणी मिसळून झाला. मुंबईत, १९४६ साली, दारा खुरोडींनी ते सुरू केलं. पुढे आरे कॉलनी उभी करणारे तेच, १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेले. म्हशीचं एक लिटर ज्याला परवडत नव्हतं त्याच्या पोराला दूध मिळावं म्हणून केलेली गोष्ट. माझे वडील परळला असताना आरेच्या केंद्रावर पहाटे रांग लावून काचेच्या बाटल्या आणायचे. तेव्हा त्याला कुणी पाणी म्हटलं नाही. तर त्या अर्थाने पाणी म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते कायद्याने, हिशोबाने आणि कारखान्यात घातलेलं. मी नाही घातलेलं.

हे इतकं लांबलं, पण आमच्याकडे दुधाची निवड म्हणजे रोजची कसरत असते. जिमवाली पोरं स्किम्ड मागतात आणि वर पनीर नेतात. शेजारचा चहावाला म्हशीच्या दुधाशिवाय दुसऱ्या दुधाला हात लावत नाही. डबल टोन्डचा चहा करडा दिसतो, गिऱ्हाईक परत येत नाही म्हणतो, आणि खरंच आहे ते. एक आजी म्हशीचंच नेतात, दोन दिवसांची साय काढून तूप कढवतात आणि उरलेलं आजोबांना देतात. घरच्या घरी डबल टोन्ड, आजोबांना पत्ता नाही. दह्याला काय हवं, बाळाला काय, खिरीला काय, हे विचारलं तर आम्ही सांगतो. त्या दिवशी विचारलं नाही, घाई होती, ही आमची चूक. तुम्हीही “आटवायला हवंय” एवढं बोलला असतात तर. असो.

पुढे काय करणार, तर वहीत सणासुदीच्या दुधाचा वेगळा रकाना करायचा विचार आहे, आणि कोणतं दूध कशाला याचा एक बोर्ड दिवाळीपर्यंत लावू, नाही जमलं तर त्यानंतर. कोजागरीला एक जादा पोरगाही बघतोय. पैसे परत देणार नाही, कारण दूध बिलाप्रमाणेच होतं. पण दुकानात आलात तर म्हशीचं एक लिटर माझ्याकडून. ते आटवून बघा. तारा वाढवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ‘पाणी’ हा शब्द तेवढा काढा. दोन सोसायट्यांचा रतीब याच आठवड्यात नव्याने ठरायचा आहे आणि माणसं आधी हेच वाचतात.

परवापासून तुमचा रतीब तुम्ही थांबवलाय. उद्यापासून पुन्हा टाकायचं असेल तर रात्री नऊच्या आत फोन करा, आणि कोणतं ते नावाने सांगा.

– दुकानाचा मालक