व्हिडिओचं पटलं नाही
बाळाशी जन्मापासून बोलत राहा, हे बाळांच्या बोलण्यावरच्या लेखातलं म्हणणं अगदी बरोबर. पण ‘वेळ नसेल तर बडबडगीतांचे व्हिडिओ लावा’ हे काही पटलं नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंनी २००३ साली तिथल्या ९ महिन्यांच्या बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा ऐकवली. समोर बसून माणूस बोलला-खेळला तेव्हा त्यांना त्यातले ध्वनी ओळखता आले. तेच टीव्हीवर दाखवलं तर पाटी कोरी! आमची नात चार महिन्यांची. तेल लावताना तिची आजी ‘हो का गं बाई?’ म्हणून थांबते, मग ही ‘अग्गू’ करते, की पुन्हा आजीची पाळी. अशी वाट बघणारा मोबाइल मी तरी पाहिला नाही. आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत बसू नका हो, आधी बाळाचे कान तपासून घ्या.