‘समजलं का?’ विचारलं की झालं?

‘चांगला मेडिकलवाला ओळखायच्या चार खुणा’ हा मेसेज लातूर-बीडच्या ग्रुपांवर फिरत फिरत आमच्या मावशीच्या मोबाइलवर पोचला. मावशी इन्सुलिनवर आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिली खूण म्हणे, तो शेवटी ‘समजलं का?’ विचारतो अन् गिऱ्हाईक ‘हो’ म्हणतं. अहो, मागे चार माणसं उभी असताना ‘नाही’ कोण म्हणणार? संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. तिथं ‘कोणत्या वारी घेणार?’ असं विचारायचं आणि तो वार पाकिटावर लिहून द्यायचा.

इन्सुलिनचं तर आणखी अवघड. मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. चुकून केशरी टोपणाची, म्हणजे १०० वाली दिली, तर २० च्या खुणेपर्यंत भरूनही अंगात ८ च युनिट जातात. शुगर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या खेपेला बरोबर सिरिंज मिळाली की शुगर धाडकन खाली येते. हे तोंडी सांगून भागत नाही. सिरिंज हातात देऊन ‘२० पर्यंत ओढून दाखवा’ म्हणायचं, चुकलं तिथं दुरुस्त करून पुन्हा ओढायला लावायचं. सल्ला चांगला की वाईट, ते इथं कळतं.

‘दहा मिनिटं बोलतो तो चांगला.’ काय बोलतो ते बघा की! बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला ऐन मे महिन्यात, घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅक दिली, तर किडनीला दणका बसू शकतो. ‘आणखी काय चालू आहे?’ विचारायला अर्धं मिनिट पुरतं.

‘जुन्या गिऱ्हाइकाला विचारायची गरज नाही.’ उलट आहे. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, आणि माणूस जुनी-नवी दोन्ही घेत बसतो.

‘औषध समजावणं डॉक्टरचं काम.’ फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स वाचा. डोस चुकला तर काय करायचं, औषध कसं ठेवायचं, दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला सांगणं फार्मासिस्टचंच काम म्हणून त्यात लिहिलंय.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र नाइलाजाने मान्य: ‘काउंटरवरच्या पोराला काही कळत नाही.’ कित्येक दुकानांत भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं असतं आणि औषध दुसराच देतो. म्हणून फार्मासिस्ट कधी असतात ते आधी विचारा, आणि नवं औषध किंवा नवी सिरिंज घ्यायला तेव्हाच जा.